आजार संपला, दवाखाना उरला

फुजी पर्वताच्या उत्तरेला, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं कोफूचं खोरं आहे. जपानच्या यामानाशी प्रांतातला हा सखल, पाणीदार भाग आज द्राक्षं, पीच आणि वाइन यांसाठी ओळखला जातो. टोकियोहून सुट्टीला आलेली माणसं इथल्या बागांतून हिंडतात आणि टोपल्या भरून फळं घेऊन जातात. यातल्या कित्येक बागांच्या जागी पूर्वी भाताची खाचरं होती. त्या खाचरांत उतरणाऱ्या माणसांची पोटं फुगत, हातपाय काड्यांसारखे होत आणि ऐन उमेदीत ती मरून जात. फळं वेचणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

ते ठाऊक राहावं म्हणून शोवा नावाच्या लहानशा नगरात एक जुना दवाखाना जपून ठेवला आहे. सुगिउरा घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या इथे वैद्यकी करत आल्या. 1929 मध्ये या घराण्याने घराशेजारी पाश्चात्त्य धाटणीची दवाखान्याची इमारत बांधली. डॉक्टर सुगिउरा साबुरो 1977 मध्ये गेले आणि दवाखाना बंद झाला. पुढे नगराने ही वास्तू विकत घेतली आणि 2010 मध्ये तिथे संग्रहालय सुरू केलं. रुग्णांनी ताटकळत बसायची खोली, तपासणीची खोली, औषधं तयार करायची जागा, डॉक्टरांची उपकरणं हे सगळं शक्य तितकं जसं होतं तसं ठेवलं आहे. राजवाडा, लढाई किंवा एखादा मोठा नेता यांच्या नावाने संग्रहालयं असतात. हे संग्रहालय आहे एका आजाराचं आणि त्याच्याशी झुंजलेल्या माणसांचं.

त्या आजाराचं शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस. खोऱ्यातले लोक मात्र त्याला ‘चिहोब्यो’, म्हणजे ‘आपल्या भागातला आजार’, एवढंच म्हणत. दुसरं नाव द्यायला तो नेमका काय आहे हे कुणाला कळलेलंच नव्हतं.

पोट फुगण्याचा रोग

कुरोसावाच्या ‘कागेमुशा’मुळे या खोऱ्याचं एके काळचं सत्ताधारी ताकेदा घराणं आपल्याकडच्या चित्रपटरसिकांना परिचित आहे. या घराण्याचा इतिहास सांगणाऱ्या ‘कोयो गुनकान’ या जुन्या ग्रंथात 1582 च्या पडझडीच्या दिवसांतला एक प्रसंग येतो. ओबाता नावाचा एक सरदार आपल्या धन्याचा अखेरचा निरोप घ्यायला येतो, पण त्याला घोड्यावर बसता येत नाही. पोट फुगल्यामुळे त्याला डोलीतून आणावं लागतं. या खोऱ्यातल्या आजाराची ही सर्वांत जुनी लेखी खूण मानली जाते.

त्यानंतर तीनशे वर्षं हेच चालू राहिलं. आधी ताप आणि जुलाब. मग माणूस फिका पडत जाई, अंगातली ताकद सरे. वर्षं उलटत तसं यकृत कठीण होई, प्लीहा वाढे आणि पोटात पाणी साठे. आपल्याकडे ज्याला जलोदर म्हणतात तीच ही अवस्था. काही जणांच्या मेंदूपर्यंत आजार पोचे आणि त्यांना झटके येत. काही गावांत घरटी एखादा तरी असा माणूस असे, आणि शेजारच्याच दुसऱ्या गावात एकही नसे. रोगट गावांत मुलगी द्यायला लोक कचरत. लग्न होऊन तिथे जाणारी मुलगी मरणाच्या दारात जाते, अशा अर्थाची लोकगीतंही या भागात होती. लष्करभरतीच्या तपासणीत इथले तरुण खुरटलेले आढळत.

1881 मध्ये कासुगाइ गावच्या प्रमुखाने, तानाका यांनी, प्रांताच्या गव्हर्नरकडे लेखी अर्ज केला. आमच्या गावात पोट फुगून माणसं मरतात, याचं कारण शोधा, असं त्यात म्हटलं होतं. कर माफ करा, धान्य द्या असे अर्ज गावं नेहमीच करत. या गावाने कारण मागितलं. शंभर वर्षांहून अधिक चाललेल्या लढाईची सुरुवात या अर्जापासून धरतात. मला या संपूर्ण कथेतला हा अतिशय मोलाचा क्षण वाटतो. नशीब, शाप, पूर्वजांचं पाप अशी स्पष्टीकरणं हाताशी असताना एक गाव म्हणतं, याला कारण असलं पाहिजे आणि ते शोधणं सरकारचं काम आहे.

एका शेतकरी बाईचा अर्ज

सरकारी डॉक्टर आले आणि तपासून गेले. उलगडा होईना, कारण रुग्णाच्या पोटात काय घडतं हे पाहायची सोय नव्हती. त्यासाठी मृतदेह उघडावा लागणार होता. त्या काळच्या ग्रामीण जपानमध्ये शवविच्छेदन म्हणजे देहाची विटंबना मानत. कुणीही घरातलं माणूस त्यासाठी देईना.

1897 च्या मे महिन्यात सुगियामा नाका या शेतकरी बाईने स्वतःहून तयारी दाखवली. तिने पन्नाशी ओलांडली होती. पोट फुगलेलं होतं आणि अंथरूण सुटत नव्हतं. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर योशिओका जुनसाकु गावोगावच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत होते, आजार नदीनाल्यांच्या कडेने पसरतो हे त्यांच्या ध्यानात येत होतं. आपण वाचणार नाही हे नाकाला कळलं होतं. मेल्यावर आपला देह उघडून पाहावा, आजाराचं कारण शोधावं आणि त्याचा उपयोग इतरांना व्हावा, अशा आशयाचा अर्ज 30 मे रोजी तिच्या नावाने दाखल झाला. 5 जूनला ती गेली. दुसऱ्या दिवशी कोफूतल्या सेइगान-जी या मंदिराच्या आवारात डॉक्टरांनी तिचं शवविच्छेदन केलं. तिच्या यकृतात त्यांना कुठल्यातरी अनोळखी परजीवीची अंडी मिळाली.

वर्ष 1897 म्हटल्यावर मराठी वाचकाला दुसरंच काही आठवेल. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आणि नाका गेली त्याच जून महिन्यात पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग हटवण्याच्या नावाखाली सोजीर घरात घुसत होते, माणसांना ओढून बाहेर काढत होते, त्याचा तो संताप होता. आजार हटवायला लोकांची साथ लागते. ती धाकाने मिळत नाही, हे पुण्याने त्या वर्षी दाखवलं. ती मनापासून मिळाली तर काय होऊ शकतं, हे कोफूच्या खोऱ्यातल्या एका बाईने दाखवलं. 1912 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तिच्या स्मरणार्थ त्या मंदिरात शिळा उभी केली.

मांजर, बैल आणि माणूस

अंडी मिळाली, तरी ती घालणारा किडा सापडायचा होता. त्याला आणखी सात वर्षं लागली. खोऱ्यातच राहून काम करणारे डॉक्टर मिकामी साबुरो आणि ओकायामाचे प्राध्यापक कात्सुरादा फुजिरो यांनी मिळून शोध चालवला. या भागातल्या कुत्र्यामांजरांनाही असंच पोट फुगून मरण येतं, हे त्यांनी हेरलं होतं. 1904 मध्ये मिकामींच्या घरच्या ‘हिमे’ नावाच्या मांजरीचं विच्छेदन झालं. तिच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत कात्सुरादांना तो किडा सापडला. लांबी एक-दोन सेंटिमीटर. नराच्या अंगावर लांब खाच असते आणि मादी आयुष्यभर त्या खाचेत राहते. शिरेत राहून ती रोज शेकडो, कधी हजारो अंडी घालते. यातली काही अंडी आतड्यातून विष्ठेवाटे बाहेर पडतात, उरलेली यकृतात अडकतात आणि यकृत निकामी करत जातात. कात्सुरादांनी त्याला शिस्टोसोमा जापोनिकम असं नाव दिलं. त्याच वर्षी, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, क्योतोच्या फुजिनामी आकिरा यांनाही हिरोशिमा प्रांतातल्या एका रुग्णाच्या शवात हाच किडा आढळला.

आता प्रश्न उरला, हा किडा शरीरात शिरतो कसा? बहुतेक डॉक्टरांचा कौल पिण्याच्या पाण्याकडे होता. शेतकऱ्यांचा अनुभव वेगळा होता. ठरावीक पाण्यात उतरलं की पोटऱ्यांना खाज सुटते, पुरळ येतं आणि मग माणूस आजारी पडतो, हे ते पूर्वीपासून सांगत होते. हिरोशिमाकडच्या कातायामा भागातल्या फुजिइ योशिनाओ या वैद्याने 1847 मध्येच ही खाज टिपून ठेवली होती. पण पाण्यातून, धडधाकट कातडी भेदून किडा आत जातो यावर विश्वास कोण ठेवणार?

1909 मध्ये फुजिनामींनी बैलांवर प्रयोग केला. काही जनावरांची तोंडं झाकली, म्हणजे पाणी पोटात जाणार नाही, आणि त्यांना उघड्या पायांनी पाण्यात उभं केलं. काहींचे पाय पाणी न शिरणाऱ्या आवरणात गुंडाळले. तोंड झाकलेल्या जनावरांना आजार झाला. पाय झाकलेली वाचली. त्याच सुमारास क्योतोचे त्वचारोगतज्ज्ञ मात्सुउरा यांनी स्वतःवर प्रयोग करून लागण ओढवून घेतली. शेतकरी म्हणत होते तेच खरं निघालं.

या निष्कर्षाने दिलासा मिळाला नाही, उलट धास्ती वाढली. पाणी उकळून पिता येतं. पण भात पिकवणाऱ्याने पाण्यात पाय घालायचा नाही तर जगायचं कसं?

शेवटचा दुवा 1913 मध्ये क्यूशूतल्या चिकुगो नदीच्या खोऱ्यात मिळाला. मियाइरी केइनोसुके आणि त्यांचे सहायक सुझुकी मिनोरू यांनी पाटाच्या कडेच्या ओल्या चिखलात एक बारीक गोगलगाय शोधली. लांबी जेमतेम सात-आठ मिलिमीटर, रंग तपकिरी, दिसायला तांदळाचा दाणा. विष्ठेतली अंडी पाण्यात फुटली की त्यातून निघणारी अळी या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, तिच्या असंख्य पिलावळी होतात आणि त्या पुन्हा पाण्यात येऊन माणसाची किंवा जनावराची कातडी शोधतात. गोगलगाय नसेल तर चक्र तुटतं. ही बातमी जगभर गेली. ब्रिटनचे रॉबर्ट लायपर पूर्वेकडे येऊन अभ्यास करून गेले आणि 1915 मध्ये इजिप्तमध्ये जाऊन तिथल्या रक्तमूत्राच्या जुन्या आजारामागेही गोगलगायीच असल्याचं त्यांनी सिद्ध केलं.

सासरे आणि जावई

इथे सुगिउरांचा दवाखाना कथेच्या मध्यभागी येतो. सुगिउरा केंझो (1866 ते 1933) हे या वैद्यघराण्यातले आठव्या पिढीचे. त्यांचे जावई साबुरो (1895 ते 1977) हे नवव्या पिढीचे. संशोधकांनी किडा शोधला, गोगलगाय शोधली आणि ते आपापल्या विद्यापीठांत गेले. हे दोघे तिथेच राहिले. रोज सकाळी दारात उभं राहणारं फुगलेलं पोट त्यांनाच पाहायचं होतं.

1920 च्या दशकात स्टिबनाल हे अँटिमनीपासून तयार केलेलं औषध आलं. ते शिरेतून द्यावं लागे, एक-दोनदा नव्हे, वीसेक वेळा. मळमळ, उलट्या, सांधेदुखी व्हायची. हृदयावर ताण पडायचा आणि कधी ते जिवावरही बेतायचं. तरी दूरदूरच्या गावांतून माणसं येत. किडे मरत. यकृत आधीच दगड झालेलं असेल तर मात्र उपयोग नसे. आणि बरा झालेला शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा त्याच पाण्यात उतरत असे.

हे पाहून केंझोंनी ठरवलं की सुई हे याचं उत्तर नाही, पाटातली गोगलगाय हेच उत्तर आहे. त्यांनी या कामात पदरचा पैसा घातला. गोगलगाय खाणारी बदकं पाळून पाहिली, काजव्यांच्या अळ्यांचा उपयोग होतो का हे पाहिलं, लोकांना आणि अधिकाऱ्यांना समजावत राहिले. 1925 मध्ये या आजाराच्या उच्चाटनासाठी प्रांतात सरकार आणि लोक यांची मिळून संस्था उभी राहिली, तिच्यामागे अशा स्थानिक डॉक्टरांचाच रेटा होता. साबुरोंनी ते काम पुढे नेलं. दवाखाना, संशोधन आणि सरकारी समित्या हे तिन्ही त्यांनी एकाच वेळी सांभाळलं.

डॉक्टर मंडळींनी मुलांकडेही लक्ष दिलं होतं. 1917 मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘मी चिहोब्योचा डॉक्टर आहे’ अशा अर्थाच्या नावाची रंगीत सचित्र पुस्तिका काढून वाटली. मुलं ओढ्यात डुंबतात, मासे पकडतात आणि आजार घेऊन येतात. त्यांना रागावून घरात बसवण्यापेक्षा किडा, गोगलगाय आणि पाणी यांचं नातं चित्रांतून समजावून सांगायचं, हा त्यामागचा विचार होता. आरोग्यशिक्षण हा शब्द प्रचारात यायच्या कितीतरी आधीचं हे काम आहे आणि आजही त्यापासून शिकण्यासारखं आहे.

चॉपस्टिक ते सिमेंट

तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय अख्ख्या खोऱ्यातून हटवायची कशी? सुरुवात हातांनी झाली. बाया, मुलं, म्हातारी माणसं पाटाच्या कडेला ओळीने बसून चॉपस्टिकने एकेक गोगलगाय वेचत आणि भांड्यात टाकत. वेचलेल्या गोगलगायींचे मापावर पैसे मिळत. एवढं करूनही पुढच्या वर्षी त्या पुन्हा तितक्याच दिसत.

मग कळीचा चुना आला, पुढे कॅल्शियम सायनामाइड आलं. काठांवरचं गवत आगीने जाळून काढलं. भाताला सोनखत घालायची पद्धत होती, म्हणजे माणसाच्या विष्ठेतली अंडी थेट खाचरात जात. म्हणून मैला काही काळ साठवून, अंडी मेल्यावरच वापरता येईल अशा नव्या धाटणीचे संडास बांधायला लावले. नांगराला बैलांऐवजी घोडे जुंपायला सांगितलं, कारण घोड्याला ही लागण तितकीशी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यही यात उतरलं. 1944 मध्ये फिलिपिन्समधल्या लेतेवर उतरलेल्या त्यांच्या सैनिकांना हाच आजार मोठ्या प्रमाणावर झाला होता, म्हणून त्यांना तो समजून घ्यायचा होता. त्यांच्या वैद्यकीय प्रयोगशाळेची माणसं कोफूत आली. कोफू स्थानकावर रेल्वेच्या डब्यांतच प्रयोगशाळा थाटली गेली. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेले डॉक्टर एकाच सूक्ष्मदर्शकात डोकावू लागले आणि त्यात साबुरोंच्या अनुभवाचा मोठा आधार होता. याच काळात पेंटाक्लोरोफिनॉलचा सोडियम क्षार हे जबर गोगलगायनाशक हाती आलं.

पण निर्णायक ठरलं सिमेंट. ही गोगलगाय मातीच्या, गवताळ, संथ पाटाच्या काठावर राहते. पाट सिमेंटने बांधून काढला, पाण्याला वेग दिला की तिला ना काठ उरतो ना अंडी घालायला चिखल. 1950 च्या दशकापासून केंद्र सरकारच्या पैशातून हे काम पद्धतशीर सुरू झालं आणि 1980 च्या दशकापर्यंत चाललं. त्या एका खोऱ्यात बांधलेल्या पाटांची लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. मुंबईहून दिल्लीला जाणारा लोहमार्ग याहून कितीतरी लहान आहे. सोबत शेतीही बदलली. भाताची जागा फळबागांनी घेतली आणि माणसाचा पाय पाण्यातून बाहेर निघाला. आज पर्यटक ज्या द्राक्षांच्या आणि पीचच्या बागांचे फोटो काढतात, त्यांच्या वाढीमागे या आजाराचाही हात आहे.

यामानाशीत 1978 नंतर नवा रुग्ण आढळला नाही. 19 फेब्रुवारी 1996 रोजी गव्हर्नर आमानो केन यांनी आजार संपल्याची अधिकृत घोषणा केली. तानाकांच्या अर्जापासून मोजली तर एकशे पंधरा वर्षं. 2000 मध्ये चिकुगो खोऱ्यातही तशीच घोषणा झाली. आशियातल्या या किड्याचा आजार देशातून समूळ घालवणारा जपान हा पहिला देश ठरला.

प्राझिक्वांटेल हे एका दिवसाच्या गोळ्यांत काम करणारं परिणामकारक औषध 1970 च्या दशकात तयार झालं आणि प्रत्यक्ष वापरात आलं तोवर कोफूची लढाई जवळजवळ संपली होती. खोऱ्याने ती चमत्कारी औषधावाचून जिंकली. कोफूचे डॉक्टर हायाशी मासाताका हे औषध आणि आपला अनुभव घेऊन फिलिपिन्सच्या रुग्णांपर्यंत गेले, कारण तिथे लढाई अजून चालू होती. जगात ती आजही चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 मध्ये शिस्टोसोमियासिससाठी प्रतिबंधक उपचारांची गरज असलेले लोक सुमारे पंचवीस कोटी होते आणि त्यातले बहुतेक आफ्रिकेतले.

काजव्यांची किंमत

या संग्रहालयाचा मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. ते विजयासोबत विजयाची किंमतही सांगतं.

शोवा परिसर एके काळी गेंजी काजव्यांसाठी सगळीकडे प्रसिद्ध होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथल्या पाटांवर काजव्यांचे थवे उतरत, ते पाहायला लांबून माणसं येत. 1930 मध्ये सरकारने या काजव्यांच्या वस्तीला राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला. गेंजी काजव्याची अळी पाण्यातल्या एका वेगळ्या, निरुपद्रवी गोगलगायीवर जगते आणि कोष करायला तिला काठाची ओली माती लागते. पाटांत विषारी रसायन पडलं, माती जाऊन सिमेंट आलं, शेतात कीटकनाशकं आली, वस्ती वाढली. काजवे संपले. 1976 मध्ये तो राष्ट्रीय दर्जा काढून घेण्यात आला, कारण जपायला काही उरलंच नव्हतं. पाटांतले मासेही गेले. आता नगरातले लोक आणि संग्रहालय मिळून काजवे पुन्हा वाढवू पाहतात.

आणि ती गोगलगाय? तिचा तर काहीच गुन्हा नव्हता. ती स्वतः किड्याची वाहक होती, शत्रू नव्हती. आज ती जपानच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. देशातल्या अगदी मोजक्या जागी ती उरली आहे, त्यात कोफू खोऱ्याचा एक कोपराही येतो. तिथल्या गोगलगायींतही किड्याचा अंश शिरला नाही ना, याची पाहणी होत राहते. कुरुमेमध्ये, चिकुगो नदीच्या परिसरात, या गोगलगायीसाठी स्मृतिशिळा उभी केली आहे. माणसाच्या भल्यासाठी ज्या जिवाचा वंश आम्ही या भागातून संपवला त्याच्या आत्म्याला शांती मिळो, असा तिचा भाव आहे.

कुणी म्हणेल, माणसं मरत असताना काजव्यांचा विचार कसला? खरं आहे. मी त्या काळात त्या गावात असतो तर सिमेंटच्याच बाजूने उभा राहिलो असतो. घराघरातलं फुगलेलं पोट पाहिलेल्या माणसाला दुसरा मार्ग नव्हता. पण योग्य निर्णयाचीही किंमत असते, आणि ती किंमत पुढच्या पिढीला सांगणं हा त्या निर्णयाचाच भाग आहे. ज्यांनी सिमेंट ओतलं त्यांनीच काजव्यांबद्दल बोलावं, यात प्रामाणिकपणा आहे. सार्वजनिक कामाच्या आपल्या अहवालांत हा रकाना सहसा कोराच असतो.

गिमवीत काय आहे?

ही जपानची गोष्ट मराठी दिवाळी अंकात सांगायचं एक कारण आपल्या कोकणात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. 1952 मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी तिथे शिस्टोसोमियासिसचं स्थानिक केंद्र असल्याचं शोधून काढलं आणि वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. भारतात माणसांमध्ये या आजाराचं स्थानिक केंद्र म्हणून अभ्यासकांनी ठळकपणे नोंदवलेलं गाव ते हेच. इथला किडा जपानपेक्षा वेगळा, मूत्राशयाच्या शिरांत राहणारा. त्याने लघवीवाटे रक्त जातं. फेरिसिया टेन्युइस नावाची, चपट्या टोपीसारख्या शंखाची बारीक गोगलगाय इथली वाहक असल्याचं याच संशोधकांनी पुढे मांडलं. नंतरच्या काळात मुंबईतल्या संशोधकांनी गिमवीत पुन्हा तपासण्या केल्या. रुग्ण घटत गेले. आज परजीवीशास्त्राच्या जगभरच्या ग्रंथांत गिमवी हे नाव सापडतं. मराठी माणसाला मात्र ते गुहागरच्या वाटेवरचं एक गाव म्हणूनच माहीत आहे, तेही असलं तर.

नारूचंही तसंच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पायातून काडीवर गुंडाळत काढलेला नारू पाहिला आहे. त्यावरही लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी न भरणं, विहिरींवर कठडे आणि हातपंप बसवणं, गावोगावच्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधणं यातूनच तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला, म्हणजे कोफूत घोषणा झाली त्याच वर्षी, आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे काम करणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

आजार संपवण्याच्या कामात असा एक घात असतो. ते जितकं चांगलं साधतं, तितकं लवकर विसरलं जातं. पुढच्या पिढीला आजारच माहीत नसतो, तर तो घालवणाऱ्यांची आठवण कुठून येणार? आणि विसरल्याचं नुकसान भावनेपुरतं नसतं. नवी साथ आली की लोकांशी कसं बोलायचं, विश्वास कसा कमवायचा, स्थानिक डॉक्टर आणि दूरचं विद्यापीठ यांनी एकत्र काम कसं करायचं, पैसा दहा-वीस नव्हे तर पन्नास वर्षं कसा पुरवायचा, हे सगळं आपण पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतो. करोनाच्या काळात आपण तेच केलं.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. शोवा नगराने नवं काही बांधलं नाही, होता तो दवाखाना जपला. गिमवीत शाळेच्या एका भिंतीवर गावाची ही गोष्ट चित्रांसह लिहिता येईल. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात तेव्हाच्या नोंदी, सर्वेक्षणाचे कागद, छायाचित्रं शोधून एका कपाटात नीट लावता येतील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करता येतील. लघवीतून रक्त जाणं हा पोरवयातला नेहमीचाच प्रकार वाटत होता का, डॉक्टर आले तेव्हा काय सांगितलं, वहाळात उतरायला घरच्यांनी कधी मनाई केली, हे फक्त तीच माणसं सांगू शकतील.

1952 मध्ये दहा वर्षांचं असलेलं गिमवीतलं मूल आज ऐंशीच्या पुढे गेलं आहे. जिल्हा परिषदेने, तिथल्या शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी हे काम हाती घ्यावं, आणि ते पुढच्या वर्षावर टाकू नये.